डाव्या पायाची तुरपाई

धामणगाव बढे
२ जानेवारी १९६३, बुधवार

मलकापूरच्या मामांनी कापडाच्या दुकानाची डायरी पाठवली. बाहेरून लाल, आत पानोपानी लठ्ठा आणि मांजरपाटाच्या जाहिराती. सोबत निरोप, "कोकिळा सातवी झाली ते चुलीत जाऊ नये." चुलीत कसं जाईल? मामांकडेच शिवण शिकले, लग्नात मशीन घेऊन आले आणि आठ महिन्यांत निम्म्या आळीचे सदरे मी शिवले. आतली शिवण बाहेरच्यासारखीच दिसली पाहिजे, हा मामांचा कायदा. मी शिवलेला कपडा उलटा आहे की सुलटा, हे चटकन कुणाला ओळखता येत नाही. ही बढाई नाही, खरं तेच लिहिते.

आणि तरी डायरीत पहिली गोष्ट लिहायची ती लाजेची. ह्यांच्या पायजम्याच्या डाव्या पायाची तुरपाई पुन्हा उसवली. काठ जमिनीवर घासून पार झिजलाय. उजवा पाय जसाच्या तसा. दोन्ही मी एकाच दिवशी, एकाच दोऱ्यानं शिवले होते.

हे म्हणजे गावाचे उकंडा पहिलवान. नाव मी घेत नाही, लोक घेतात तसं लिहिलं. लग्नाआधी हे धोतर नेसत. पायजमा घरात आला तो माझ्या मशीनबरोबर. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते कधी आवडलं नाही. आजही उसवलेला काठ बघून म्हणाल्या, "म्या तं पैलेच म्हनलं होतं, त्याले धोतरच राहू दे." माझ्या शिवणीला इतकं कुणी बोललं नव्हतं.

५ जानेवारी, शनिवार

ह्यांच्या तालमीचे शेषराव वस्ताद आले होते. जवानांच्या मदतीसाठी ३ फेब्रुवारीला मलकापुरात कुस्त्यांची दंगल आहे. ह्यांची जोड देऊळघाटच्या पंजाबरावाशी लागली.

मागच्या वर्षी याच पंजाबरावानं ह्यांना पाडलं होतं. कुस्ती लागायला उशीर झाला, उन्हात उभं राहून राहून ह्यांची कंबर धरली, आणि आखाड्यात उतरेपर्यंत अंगातलं निम्मं बळ गेलेलं. त्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर हे बोलून बसले, की अजून एकदा पाठ लागली तर लंगोट खुंटीला. मी तेव्हा या घरात नव्हते, पण आळीतल्या बाया हे मला अजून सांगतात. ह्यांना कुस्तीशिवाय दुसरं काही येत नाही असं नाही, शेत उत्तम करतात. पण कुस्ती सुटली तर हा माणूस आतून बसेल. माझ्याशीही धड बोलणार नाही. याची मला भीती वाटते.

६ जानेवारी, रविवार

काय लिहू आणि कसं लिहू.

काल वस्ताद बोलत होते तेव्हा मी दारातून ह्यांना बघत होते. हे उभे राहिले की डावा पाय जोत्याच्या दगडावर ठेवतात. दगड नसला तर उजवा गुडघा थोडा मोडून उभे राहतात. सगळा भार उजव्यावर. मला वाटायचं, पहिलवानी ऐट आहे.

आज दुपारी मालीश करून हे झोपले होते. मी टेप घेतली. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत उजवा पाय मोजला, मग डावा. पुन्हा मोजले. डावा पाय अर्धा इंच आखूड आहे.

माझी शिवण चांगली होती. पण त्याचा आनंद होईना. मला लग्नातला अंतरपाट आठवला. त्याच्याखालून ह्यांचे पाय तेवढे दिसत होते, आणि डावा पाय घडी घातलेल्या उपरण्यावर होता. ते उपरणं आत्याबाईंनीच सरकवलं होतं. तेव्हा वाटलं, काटा रुतला असेल.

ह्यांना ठाऊक असेल का? नसावं. ज्याला दिवसरात्र स्वतःचं अंग घडवायचं आहे, त्याला हे ठाऊक असतं तर तो इतका शांत झोपला नसता.

९ जानेवारी, बुधवार

ठरवलं. सांगायचं नाही. कुस्ती तोंडावर असताना पहिलवानाला त्याचा पाय आखूड आहे म्हणावं, तर तो आखाड्यात जोडीदाराकडे न बघता पायाकडेच बघत बसेल. मी फक्त नव्या पायजम्याचा डावा पाय अर्धा इंच वर दुमडला. जमिनीवर घासणार नाही, चारचौघांत उसवणार नाही, कुणाचं लक्ष जाणार नाही.

तो घालून हे दारात उभे राहिले. खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "च्या चांगला झाला आज."

चहा अजून चुलीवरच होता. पहिलवानांचं लक्ष कुठं असतं देव जाणे.

१२ जानेवारी, शनिवार

नवा पायजमा काल पहिल्यांदा धुतला. आज लगेच आत्याबाईंचा नवा कायदा. "त्याचे पायजमे उलटे करून वाळू घालत जाय. दोरीवर कावये बसते. घान केली तं आतून झालेली बरी."

मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, सदरा मात्र सुलटा चालतो. कावळा काय माणूस बघून बसतो? पण सासू सांगते ते करावं, निम्म्या कटकटी वाचतात.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. हे पहाटे तालमीत गेले ते उन्हं आल्यावर आले. अंगाला लाल माती, कानात माती. तिळगूळ देताना मी पायाकडेच बघत होते. हे म्हणाले, "खाली काय हरवलं तुहं?" मी म्हटलं, काही नाही.

आता मला सगळ्यांचेच पाय दिसतात. मामाजी चालताना पाय बाहेर टाकतात. आमचा गोऱ्हासुद्धा उजवा पाय आधी उचलतो.

१८ जानेवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतं ते चालेल.

आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं. अंगण भरलं होतं. दोरी काढायची राहिली, म्हणजे मी म्हटलं होतं काढते, तर आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे, वायले नाई अजून." समोरच्या घरातल्या पुष्पाबाई आल्या. त्यांना गप्प बसायचं माहीत नाही आणि हात आवरायचं तर मुळीच नाही. दोरीवरून ह्यांचा पायजमा ओढला, नाड्याचं तोंड पुढं करून स्वतःच्या कमरेला लावला आणि सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "कोकिळाबाई, हा उजवा पाय कोनं खाल्ला व? एक लांब, एक आखूड."

बाया हसल्या. मी म्हटलं, कापड कमी पडलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "कापडवाल्याच्या भाचीले कापड कमी पडते?" आणि हसता हसता एकदम गप्प झाल्या. ते गप्प होणं मला आवडलं नाही. पुष्पाबाईंचं माहेर देऊळघाट. त्यांचा भाऊ पंजाबरावाच्याच तालमीत जातो.

आत्याबाईंनी सगळं पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलून सावरतील. त्या उठल्या आणि पुष्पाबाईंच्या ओटीत मूठभर तिळगूळ जास्त घातला. कधी कधी ह्या बाईचं मला काही कळत नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

पुष्पाबाई भावाच्या मुलीच्या बारशाला देऊळघाटला गेल्या. मोटारीत बसताना मला हात केला. मी पण केला.

बारशाला बाया काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पाळण्याच्या गाण्यापेक्षा तेच जास्त.

२७ जानेवारी, रविवार

झालं. ज्याची धास्ती होती तेच झालं.

शेषराव वस्ताद आले, चहा घेतला नाही. ओट्यावर बसून मामाजींशी बोलत होते, मी दाराआड ज्वारी निवडत होते. म्हणाले, "किसनराव, देऊळघाटचा पंजाब चार दिसांपासून एकच डाव घोटून राह्यला. पट काढाचा अन् उचलाचा. एकाच पायाचा पट. कोनीतरी त्याले सांगतलं हाये, का उकंड्याचा एक पाय कच्चा हाये."

मामाजी म्हणाले, "कोनता?"

"ते नाई समजलं."

मामाजींनी पुढं विचारलं नाही. माझ्या सुपातली ज्वारी सगळी खाली सांडली. पट म्हणजे जोडीदाराच्या पायात शिरून तो पाय धरून त्याला उचलणं. ह्यांचा आखूड, कच्चा डावा पाय पंजाबरावानं एकदा धरला की संपलं. आणि तो पाय मी दोरीवर टांगून गावाला दाखवला. दुसऱ्या कुणी नाही, मी. माझ्या सुबक तुरपाईनं.

२८ जानेवारी, सोमवार

दोन वेळचं ताट तसंच परत गेलं. आत्याबाई विचारतात, पोटात काही आहे काय. पोटात जे आहे ते सांगता आलं असतं तर काय हवं होतं.

३० जानेवारी, बुधवार

आज वेड्यासारखं केलं. पायजम्याचा डावा पाय उसवून दोन्ही सारखे केले. जणू त्यानं झालेलं पुसलं जाणार होतं. ह्यांनी तो घातला, दोन पावलं चालले आणि परत आले. "हा नको. होता तसा करून दे. मलकापूरले तोच घालून जाईन."

"का?" मी विचारलं.

"हा पायात येते."

एवढंच बोलले. तेवढ्यात सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं होतं. तुमचा डावा पाय जपा, त्यांना कळलंय, माझ्यामुळे कळलंय. पण हे तालमीला निघाले होते. मी ओट्यावर बसून डावा पाय पुन्हा वर दुमडला. टाके आज सारखे आले नाहीत.

२ फेब्रुवारी, शनिवार

हे, मामाजी आणि वस्ताद दुपारच्या मोटारीनं मलकापूरला गेले. आज मामांकडे मुक्काम, उद्या दंगल.

निघताना मी ह्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि एका दमात म्हटलं, "डावा पाय जपा."

ह्यांनी तांब्या तसाच धरून ठेवला. "काऊन?"

"सहज."

माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, पण असं यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. पाणी न पिताच तांब्या परत दिला आणि गेले.

आता वाटतं, मी हे बोलले नसते तर बरं होतं. जो माणूस निर्धास्त जाणार होता, त्याच्या डोक्यात मी डावा पाय घालून पाठवला. नाही सांगितलं तर गुन्हा आणि सांगितलं तरी गुन्हा. आत्याबाई मात्र शांतपणे वाती वळत बसल्या आहेत. मुलाची आई असून त्यांना काळजी कशी नाही, असं मनात आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

३ फेब्रुवारी, रविवार

काही कळलं नाही. मलकापूरहून येणारी संध्याकाळची मोटार आली, त्यात आमचं कुणी नव्हतं. गावातला एक माणूस उतरला, तो कापूस विकायला गेला होता, दंगलीला गेलाच नाही म्हणे. मलकापुरात असून दंगलीला न जाणारा माणूस आजच बरा सापडला.

दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर एकच. पंजाबराव खाली वाकतो, डावा पाय धरतो. खुंटीकडे बघवत नाही. जुना लंगोट तिथंच आहे.

आत्याबाईंनी आज पुरण शिजत घातलं. मी म्हटलं, "अजून काही कळलं नाही, आणि पुरण?"

"आले म्हंजे भुकेले राहतीन."

४ फेब्रुवारी, सोमवार

जिंकले.

वर नुसतं तेवढंच लिहून मी रडून घेतलं. आता सगळं लिहिते.

सकाळच्या मोटारीनं आले. हलगी वाजवत तालमीतली पोरं पुढं, हे मागं. गुलालानं ओळखू येत नव्हते. मामाजी कुणाशी बोलत नव्हते, नुसते फेटा सारखा करत होते. मी दारात ओवाळलं. ताट कललं तसं हे हळूच म्हणाले, "दिवा सांभाय." जेवताना सगळं सांगितलं. आधी तासभर उभं ठेवलं होतं, पण यंदा ह्यांनी मैदानाच्या काठाला डाव्या पायाखाली माती ओढून घेतली आणि आरामात उभे राहिले. कंबर धरली नाही.

"अन् पट?" मी विचारलं.

ह्यांना हसू आलं. "तेच तं समजलं नाई. पैल्या झटक्यातच पंजाब माह्या उजव्या पायात शिरला. म्या म्हनलं, चुकला असन. मंग पुन्हा उजव्यावर. तिसऱ्यांदा बी उजवाच. अवं, उजवा म्हंजे माहा खांब. इतक्या वर्साचा सारा भार त्याच्यावर. त्यानं दोन्ही हातानं ओढला, तरी हालला नाई. तो वाकून ओढत राह्यला, म्या वरून दाबला, पाठीवर सवारी घेतली अन् घिस्सा मारून, पलटवून चीत केला."

वस्ताद म्हणाले, "देऊळघाटवाले आपल्याच मानसावर वरडत होते, का खबर खोटी देल्ली म्हनून."

मी पोळी वाढत होते ती हातातच राहिली. उजवा? पुष्पाबाईंनी पायजमा कमरेला लावला होता, सगळ्यांसमोर. आता लिहिताना मी डायरीचं मागचं पान उलटून बघितलं. माझ्याच हातानं लिहिलं आहे, "हा उजवा पाय कोनं खाल्ला व?" मी भीतीनं ऐकलं, लिहिलं आणि समजून घेतलं नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पायजमा घेऊन परसात बसले. सुलटा धरला, नाड्याचं तोंड पुढं. डावा पाय आखूड. उलटा केला, नाड्याचं तोंड पुन्हा पुढं. आखूड पाय उजवीकडे गेला. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. इतकी वर्षं शिवते, आणि हे मला आज कळावं. माझी शिवण आतून बाहेरून सारखी, म्हणून पुष्पाबाईंना कपडा उलटा आहे याचा पत्ता लागला नाही.

तिथंच आत्याबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. मी पायजमा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आत्याबाई, ते कावळ्यासाठी नव्हतं ना?"

"कावये बी असतेच," त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं नाही. मग पाखडता पाखडता म्हणाल्या, "लहान होता तं बाभईवरून पडला. हाडं बसवनाऱ्यानं बसवलं, ते तसंच बसलं. तवापासून म्या कोनाले दिसू देल्लं नाई. धोतरात समजत नोतं. मंग तू आली, अन् अर्धा इंच दुमडून दोरीवर टांगून मोकयी झाली."

"मग मला सांगायचं होतं. मी पाय पहिल्यासारखा केला असता."

"त्याले बरं वाटत होतं तसं. पैल्यांदा त्याच्या पायाखाली काठ आला नाई. म्या पाह्यलं ना त्याचं तोंड." पाखडणं थांबलं. "आखूड तं दिसनारच होतं, पोरी. पन कोनता ते काऊन दिसू द्याचं?"

मी महिनाभर एकटीनं पोखरून निघाले होते, त्याचा मला राग आला. म्हटलं, "एक शब्द बोलला असता तर माझा जीव टांगणीला लागला नसता."

"तू बोलली काय मले?"

मी सूप त्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेली डाळ पाखडली.

संध्याकाळी ह्यांनाही विचारलं, तुम्हाला पाय ठाऊक होता का. म्हणाले, "माहाच पाय हाये अवं." मग म्हणाले, "तुले ठाऊक हाये, हे नवा पायजमा घातला तवाच समजलं. मले वाटलं, तुले समजलं हे आईले नाई सांगाचं, तिचा जीव लहान हाये."

घरात तीन माणसं एकमेकांपासून एकच पाय लपवत होती. एक मामाजी तेवढे अजाण राहिले. त्यांना सांगायचं नाही, असं आमचं तिघांचं ठरलं. त्यांचा मुलावर फार जीव आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मनावर काही ओझं नव्हतं, त्या नादात ह्यांचा पायजमा सुलटाच वाळत घातला आणि स्वयंपाकाला लागले.

दुपारी मामाजी शेतातून आले. मी चुलीपाशी होते, खिडकीतून अंगण दिसत होतं. दोरीपाशी ते थांबले. इकडं तिकडं बघितलं. पायजमा काढला, उलटा केला, झटकून पुन्हा दोरीवर टाकला आणि ओट्यावर बसून पाणी मागितलं.

मी पाणी नेऊन दिलं.